नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताना आधी आपला गोंगाट ओळखा

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्यांचं शब्दांकन करणं हे माझं अकरा वर्षांचं काम. दिवसाचे सहा-सात तास हेडफोन कानांवर असतात. काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत बोलणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "साठ जणी आल्या होत्या." मी लिहिलं, "आठ जणी." तपासणीत चूक सापडली तेव्हा पंखा बंद करून तेच वाक्य पुन्हा ऐकलं. 'सा' अगदी स्वच्छ होता. आदल्या दिवशी तो डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत बुडाला होता. स, श, फ ही अक्षरं बोलण्यात मुळातच नाजूक. आसपास सतत काहीतरी घरघरत असलं की आधी तीच हरवतात.

त्या चुकीनंतर मी कान पूर्ण झाकणारे, बिनतारी, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले. आता तिसरी जोडी चालू आहे. ओळखीतलं कोणी असे हेडफोन घ्यायला निघालं की मला विचारतं, "कुठला घेऊ?" मी आधी उलट विचारते, की तुम्हाला नेमका कुठला आवाज घालवायचाय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठलंही नाव सुचवण्यात अर्थ नाही, कारण हे तंत्र सगळ्या आवाजांवर सारखं चालत नाही.

ते चालतं असं. हेडफोनच्या वाट्यांवर बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि तुमच्या गाण्याबरोबर तीही स्पीकरमधून सोडते. चढावर उतार येऊन पडला की दोन्ही एकमेकांना खातात. पण त्यासाठी उलटी लहर अगदी वेळेवर पोचायला हवी. समजा, ती मिलिसेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतकी उशिरा पोचली. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० लहरींच्या, घूं आवाजात एक लहर पूर्ण व्हायला १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तेवढ्या उशिराने फारसं बिघडत नाही. आवाजाच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तोच उशीर १००० हर्ट्झला झाला तर फायदा शून्य. त्याच्या थोडं वर गेलं की उलटी लहर आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवायला लागते. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या आसपास चिप हात आखडता घेते. तिथून पुढचा आवाज अडवायचं काम वाटीची जाडी आणि कानाभोवतीची गादी यांच्याकडे जातं.

या तंत्राचा इतिहासही तेच सांगतो. उलट्या लहरीच्या कल्पनेचं अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ साली मिळालं, पण हेडफोनमध्ये ती कल्पना रुजली विमानामुळे. १९७८ मध्ये बोस या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या आवाजात धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच या प्रश्नाचं गणित मांडायला घेतलं. बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठीचे हेडफोन २००० साली. हे तंत्र इंजिनाच्या घरघरीसाठी जन्माला आलं आणि आजही तिथेच सगळ्यात जास्त तेजात असतं.

तेव्हा खरेदीच्या आधी एक दिवस हे करून बघा. जिथे हेडफोन वापरणार तिथे दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि ऐकू येतील ते आवाज कागदावर उतरवा. विमान, रेल्वे, बस, पंखा, एसी, फ्रीज, दूरवरून येणारी वाहतूक, हे सगळे एकसुरी, खालच्या पट्टीतले आवाज. यादीत हेच जास्त असले तर हेडफोनने तुम्हाला खरंच सुख मिळेल. माणसांची बडबड, लहान मुलाचं रडणं, कुत्र्याचं भुंकणं, भांड्यांचा खणखणाट, दार आपटणं हे तुटक किंवा वरच्या पट्टीतले आवाज. ते दबतात, दूर गेल्यासारखे वाटतात, पण जात नाहीत. उलट घरघर गेल्यावर शेजारच्या दोघांचं बोलणं जास्तच स्पष्ट झाल्यासारखं वाटतं. हेडफोन खराब आहेत म्हणून तसं होत नाही. बोलण्यावरचं पांघरूण निघालेलं असतं. तुमच्या यादीत बडबडच जास्त असेल तर जाड गाद्यांचे, घट्ट बसणारे हेडफोन बघा आणि वर पावसासारखा एकसारखा आवाज हळू लावून ठेवा. मी घरात माणसं असताना हेच करते.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ आणि जीव खर्च झाला त्याकडे येते, म्हणजे गादी कानाभोवती किती नीट बसते त्याकडे. पहिली जोडी आणली तेव्हा पंख्याचा आवाज अर्धाच गेला. मला वाटलं, तंत्र एवढंच असणार. दोन आठवडे तशीच काढली. मग एकदा कान खाजला म्हणून उजव्या वाटीखाली बोट घातलं आणि चष्म्याची काडी जरा वर उचलली गेली. त्या क्षणी उजव्या कानातला पंखा थांबला. काडी सोडली, पंखा परत सुरू. चार-पाच वेळा तसंच करून पाहिलं, दर वेळी तेच. काडी जिथून गादीखाली शिरते तिथे, कानाच्या पुढे, तांदळाच्या दाण्याएवढी फट राहत होती आणि खालच्या पट्टीतला सगळा आवाज तिथून आत येत होता.

माझ्या चष्म्याला तेव्हा जाड, चपट्या प्लॅस्टिकच्या काड्या होत्या. पुढचा चष्मा करताना बारीक तारेच्या काड्यांची फ्रेम घेतली. त्याच हेडफोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला. तुम्हाला चष्मा असेल तर हेडफोन तो घालूनच तपासा आणि गादी मऊ, दाबल्यावर सावकाश फुगणारी आहे ना ते पाहा. कडक गादी काडीवरून पुलासारखी जाते आणि दोन्ही बाजूंना फट सोडते. कानामागे घेतलेले दाट केस, दाढीचे कल्ले, मोठी कर्णभूषणं यांनीही हेच होतं.

बसवणी तपासायची माझी एक सोपी रीत आहे. पंख्याखाली किंवा एसीसमोर बसा, हेडफोन घाला, कॅन्सलिंग चालू करा, गाणं लावू नका. आता दोन्ही तळहातांनी वाट्या हलक्या हाताने डोक्याकडे दाबा. घरघर आणखी कमी झाली तर कुठेतरी फट आहे. काहीच फरक पडला नाही तर बसवणी उत्तम. मग जांभई द्या, जबडा हलवा, खाली वाका, मान वळवा. प्रत्येक वेळी आवाज आतबाहेर होत असेल तर ती जोडी तुमच्या डोक्यासाठी नाही, दुसऱ्या कोणासाठी कितीही चांगली असो. म्हणूनच या वस्तूच्या बाबतीत दुसऱ्याच्या कौतुकावर पूर्ण विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. त्याचं डोकं वेगळं, कान वेगळे.

खोक्यावरच्या शब्दांबद्दलही सांगायला हवं. माझ्या धाकट्या भावाने मला न विचारता एक जोडी मागवली आणि संध्याकाळी फोन केला.

"ताई, यावर नॉइज कॅन्सलेशन लिहिलंय, पण एसीचा आवाज जसाच्या तसा येतोय."

"नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखव."

"ईएनसी."

"मग ते तुझ्या कानांसाठी नाहीच. तू फोनवर बोलतोस तेव्हा समोरच्याला तुझ्याकडचा गोंगाट ऐकू जाऊ नये म्हणून आहे."

तो गप्पच झाला. फसवणूक झाल्यासारखं वाटलं त्याला आणि मला त्याचा राग पटला, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत फक्त 'नॉइज कॅन्सलेशन' होतं आणि ही तीन अक्षरं कोपऱ्यात. लक्षात ठेवा: एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा आवाज कमी करणं, ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून जाणारा आवाज स्वच्छ करणं. दोन्ही असले तर उत्तम, पण एकाच्या नावावर दुसरं गळ्यात पडू देऊ नका. कान झाकले गेल्यामुळे आपोआप होणाऱ्या अडथळ्यालाही काही जण नॉइज आयसोलेशन म्हणतात. त्यात ना माइक असतो ना चिप.

एएनसीमध्येही प्रकार आहेत. काहींचे माइक फक्त वाटीच्या बाहेर असतात, काहींचे फक्त आत, कानाजवळ. बाहेरचा माइक आवाज येण्याआधी चाहूल घेतो, आतला माइक उरलेला आवाज ऐकून चूक सुधारतो. दोन्ही असलेल्याला हायब्रिड म्हणतात आणि घ्यायचे तर तेच घ्यावेत. '४० डेसिबलपर्यंत' अशा आकड्यांवर मात्र भाळू नका. त्यातला 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. तो आकडा एखाद्या सोयीच्या पट्टीतला असतो, सगळ्या आवाजांवरचा नव्हे.

काही जणांना कॅन्सलिंग चालू केलं की कानांवर दाब आल्यासारखं वाटतं, विमान वर चढताना वाटतं तसं. हवेचा दाब खरं तर बदललेला नसतो. बहुतेकांना दोन-चार दिवसांत सवय होते, पण काहींचं डोकं दुखत राहतं. अशांनी कॅन्सलिंगची पातळी कमी-जास्त करता येते अशी जोडी बघावी. शांत खोलीत हेडफोनचाच सूक्ष्म सुस्कारा ऐकू येतो का, तेही एकदा तपासा. माझ्यासारखं बारीक ऐकायचं काम असेल तर तो सुस्कारा दिवसभर टोचतो.

वजनाचं गणित साधं आहे. सोनीचे डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचे, ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅमचे. हातात घेतल्यावर हा फरक किरकोळ वाटतो. चौथ्या तासाला टाळूवर कळतो. वजनापेक्षाही ते कुठे पडतं हे बघा: वरची पट्टी एकाच जागी टोचते की पसरून बसते? कानाची पाळी गादीच्या आत पूर्ण मावते का, की कडेला चेपली जाते? कानाचं वरचं टोक आतल्या कापडाला टेकतं का? टेकत असेल तर तासाभरात ते गरम होऊन दुखायला लागेल. दुकानात दोन मिनिटं घालून हे समजत नाही. किमान अर्धा तास घाला, शक्य असेल तर घरी नेऊन. कृत्रिम चामड्याच्या गाद्यांत घाम येतो. कापडी गाद्या हवेशीर असतात, पण आवाजही थोडा जास्त झिरपतो. दर तासाला पाच मिनिटं काढून ठेवणं हा यावरचा माझा उपाय. कानांनाही तेवढी विश्रांती लागते.

प्रवासासाठी घेणार असाल तर ते दुमडतात का ते पाहा. नवं मॉडेल नेहमी सोयीचं असतं असं नाही: सोनीचे एक्सएम४ दुमडायचे, एक्सएम५ दुमडत नाहीत, एक्सएम६ मध्ये दुमडणं परत आलं.

ब्लूटूथच्या कोडेकवर, म्हणजे बिनतारी पाठवण्यासाठी आवाज आवळून बांधायच्या पद्धतींवर, लोक तासन्तास बोलतात. मी थोडक्यात सांगते. एसबीसी सगळ्यांत असतो, एएसी ॲपलच्या उपकरणांना मानवतो, एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतो, पण आयफोन एलडॅक वापरतच नाही. तुमचा फोन आणि हेडफोन दोघांना जो येतो तोच चालणार. गाडीत बसून ऐकताना हा फरक बहुतेकांच्या कानांना लागत नाही. फट नसलेली गादी त्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जाते.

खरी अडचण येते ती माइक वापरताना, आणि तिच्याबद्दल फार कमी सांगितलं जातं. संगणकावर बैठक सुरू झाली, हेडफोनचा माइक चालू झाला की समोरच्यांचे आवाज एकदम जुन्या फोनसारखे सपाट होतात. हेडफोन बिघडलेले नसतात. पारंपरिक ब्लूटूथमध्ये ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी करायचं तर जोडणी फोन-कॉलच्या प्रकारात जाते आणि त्यात बहुतेक वेळा आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. गाणी ऐकताना तेच ४४ हजारांच्या पुढे असतात. यावर उपाय आहे: सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून संगणकाचा स्वतःचा किंवा टेबलावरचा वेगळा माइक निवडा. आवाज लगेच भरदार होतो. दिवसातून चार बैठका असणाऱ्यांनी हे आजच करून बघावं. एलई ऑडिओ हा नवा ब्लूटूथ प्रकार ही अडचण बरीच कमी करतो, पण तो दोन्ही बाजूंच्या उपकरणांत असायला हवा.

एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येणं, ज्याला मल्टिपॉइंट म्हणतात, ते मात्र आवर्जून बघा. संगणकावर काम चालू असताना फोन वाजला की नुसतं बटण दाबून घेता येतो. हे नसलं की दर वेळी जोडणी तोडा, परत जोडा, आणि आठवड्याभरात माणूस कंटाळतो.

तारेची सोय मी कधीच सोडणार नाही. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. चित्रफीत दाखवणारी ॲप तो उशीर सांभाळून घेतात, पण खेळात किंवा वाद्य वाजवताना तो सरळ जाणवतो. माझ्या कामात त्रास वेगळाच होतो: ध्वनिफीत थांबवून तीन सेकंद मागे नेली आणि सुरू केली की पहिलं अर्धं अक्षर गिळलं जातं, कारण शांतता पडली की जोडणी डुलकी घेते. 'नव्हतं' मधला 'न' असा गेला तर वाक्याचा अर्थच उलटतो. म्हणून काम करताना मी तार लावते, कॅन्सलिंग मात्र चालू ठेवते. सगळ्या हेडफोनना असं जमत नाही. काहींना तारेसाठी भोकच नसतं, काहींचं कॅन्सलिंग तार लावल्यावर बंद होतं, काही बॅटरी संपल्यावर तारेनेही मुके होतात. चार्जिंगला लावल्यावर ऐकता येतं का, हेही विचारून घ्या.

एका चार्जमध्ये ३० तास हे आता सर्रास मिळतं. सेनहायझरच्या मोमेंटम ४ ला कंपनी ६० तास सांगते. रोजच्या वापराला दोन्ही पुरेसे. पण मी ६० कडे वेगळ्या नजरेने बघते: तेवढ्याच वापराला चार्जिंगच्या फेऱ्या निम्म्या लागतात, आणि लिथियमची बॅटरी या फेऱ्यांनी म्हातारी होते. उन्हात तापलेल्या गाडीत हेडफोन ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवू नका, निम्मी भरलेली असू द्या. घरच्या घरी बॅटरी बदलता येतील असे हेडफोन अजून थोडेच आहेत, २०२३ चे फेअरबड्स एक्सएल त्यांतले एक. ही पद्धत वाढावी असं मला फार वाटतं, कारण स्पीकर धडधाकट असताना निव्वळ बॅटरीपायी अख्खी वस्तू फेकून द्यावी लागणं जिवावर येतं.

हेडफोनमुळे कानांचं भलं होणार की नुकसान, ते तुम्ही आवाज किती मोठा ठेवता त्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबलने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. बाहेर घरघर असली की आपण नकळत आवाज वाढवत जातो. ती गेली की तोच आवाज बराच खाली आणता येतो. माझ्या मते या हेडफोनचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कॅन्सलिंग चालू केल्यावर आवाजाची पट्टी स्वतःहून दोन-तीन घरं खाली आणा, आपोआप ती खाली येत नाही. आणि ड्रिल, ग्राइंडर अशा यंत्रांजवळ हे हेडफोन कानांचं संरक्षण म्हणून घालू नका. त्यासाठी प्रमाणित इअरमफ वेगळे मिळतात. रस्त्याने चालताना बाहेरचा आवाज आत घेणारी सोय चालू ठेवा, रस्ता ओलांडताना तर हेडफोन गळ्यातच बरे.

जोडी घरी आली की खोकं आणि पावती परतीची मुदत संपेपर्यंत जपा आणि त्या मुदतीत ती खरोखर वापरा. मी पहिल्या दिवशी पंख्याखालची तळहातांची चाचणी करते, दुसऱ्या दिवशी सलग दोन तास घालते, मग कोणाला तरी फोन लावून वाहत्या रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि माझं बोलणं समजतंय का ते विचारते. वाऱ्यात बाहेरचे माइक फडफडतात का तेही तिथेच कळतं. थंडीत हातमोजे घालून वाटीवर बोट फिरवत आवाज कमी करायचा प्रयत्न केलात तर स्पर्शाने चालणारे हेडफोन आणि बटणांचे हेडफोन यांतला फरकही लगेच कळेल. मला बटणं लागतात. डोळे पडद्यावर असताना बोटाला उंचवटा सापडला की पुरे.

घेण्याआधी एक शेवटचं विचारा: गाद्या सुट्या मिळतात का आणि त्या हाताने काढता येतात का? घामाने, तेलाने त्या तडकतातच. माझ्या दुसऱ्या जोडीच्या तडकल्या तेव्हा कॉलरवर काळे पापुद्रे पडायला लागले होते आणि त्याच सुमारास पंखा पुन्हा ऐकू यायला लागला होता. नव्या गाद्या चढवल्या त्या संध्याकाळी तो परत गेला. आता गादी बदलली की तिच्या आतल्या बाजूला मी पेनाने तारीख लिहून ठेवते. गेल्या जोडगाद्या अठरा महिने चालल्या.